डिस्क वाढवली, पण पार्टिशन वाढवलं का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) जुनी विंडोज सांभाळून बसलेले सगळे विंडोज ११ च्या मागे लागले. तेव्हापासून एकच रडगाणं ऐकतोय. 'सेटअप म्हणतो जागा कमी आहे. मी डिस्क ५० वरून ८० जीबी केली. तरी तेच म्हणतो.' मग रॅम वाढवा, टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप) तपासा, आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) पुन्हा डाउनलोड करा, आणि शेवटी कुणीतरी शहाणा येऊन सांगतो, 'नवीन व्हीएम करून टाक.' या शेवटच्या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे.

टीपीएम आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअरलाच बूट होऊ देणारी सोय) यांचं दुखणं वेगळं. ते नसेल तर सेटअप स्पष्ट सांगतो की हा पीसी बसत नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून टीपीएम २.० सेटिंग्जमधूनच देता येतं. जागेची तक्रार असेल तर तिकडे बघूच नका.

डिस्क वाढते होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स ज्यावर चालतं त्या खऱ्या संगणकावर. मीडिया मॅनेजरमध्ये स्लायडर ओढला की झालं, ते तुम्हाला येतंच. (आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या साठवून ठेवलेल्या जुन्या अवस्था, असतील तर ते काढून टाका, आणि सुरक्षेसाठी बंद केलेल्या व्हीएमचं अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवा.) पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग, सी ड्राइव्ह हा त्यातलाच एक) मात्र गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या विंडोजच्या, आत असतं आणि होस्टने काय केलं याचा त्याला पत्ताही नसतो. शेजारचा प्लॉट विकत घेतला म्हणून घराला खोली वाढत नाही, ती बांधावी लागते. सेटअप बघतो ती सी ड्राइव्हवरची मोकळी जागा. डिस्क केवढी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बरं, हे कळलेले लोकही पुढच्या पायरीवर अडकतात. गेस्टमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. डावीकडे सी, मग पाचेकशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, आणि त्याच्या उजवीकडे काळ्या पट्टीखाली तुमचे नवे ३० जीबी, 'अनअलोकेटेड'. सी वर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडं पडलेलं! कारण सी ला फक्त अगदी लगतची उजवी जागा घेता येते आणि मध्ये रिकव्हरी ठाण मांडून बसलंय. विंडोज ते स्वतःहून सरकवत नाही.

काही जण रिकव्हरी विंडोजच्याच डिस्कपार्ट कमांडने उडवतात. चालतं, पण आधी रीएजंटसी कमांडने रिकव्हरी डिसेबल करायची असते आणि ते हमखास विसरतात. मी जीपार्टेड या फुकट पार्टिशन टूलचाच पुरस्कर्ता. विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) आड येत नाही. जीपार्टेडचा लाइव्ह आयएसओ व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला लावून त्यावरून बूट करा. डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) असेल तर 'सगळी जागा वापरलेली दिसत नाही' अशी सूचना येते, तिथे 'फिक्स' म्हणा. मग रिकव्हरी अगदी उजव्या टोकाला सरकवा, सी ताणा, अप्लाय. 'फुकट' म्हणून डाउनलोड करायला लावून ऐन वेळी पैसे मागणारी पार्टिशन टूल्स कृपया कुणाला सुचवू नका.

व्हीडीआय (व्हीएमची डिस्क ज्यात साठते ती) फाइल होस्टवर २० जीबीचीच दिसते म्हणून डिस्क वाढली नाही असं समजणारेही आहेत. डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) फाइल लिहिलेल्या डेटाएवढीच फुगते, एवढं पुरे.

उबंटू सर्व्हरवर गोंधळ तोच, फक्त मजले जास्त: एलव्हीएम (पार्टिशनवर आणखी एक थर टाकून जागा वाटणारी लिनक्सची सोय) असेल तर आधी ग्रोपार्ट कमांडने पार्टिशन, मग पीव्हीरिसाइझने एलव्हीएमचा थर वाढवणं, मग एलव्हीएक्स्टेंडला फाइलसिस्टिमसकट वाढवायला सांगणं. मात्र अपग्रेड 'बूट' पार्टिशनवर जागा नाही म्हणून अडलं असेल, तर हा सगळा खटाटोप फुकट. ते पार्टिशन एलव्हीएमच्या बाहेर असतं. तिथे ऑटोरिमूव्ह कमांडने जुनी कर्नल्स (लिनक्सचा गाभा) काढा आणि अपग्रेड पुन्हा चालवा.