औषध देऊनही पक्षी सुधारत नाहीत? आधी फीड आणि पाणी बघा

लेयरवाल्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींचा आम्हा फीडवाल्यांना ठरलेला फोन येतो, डॉक्टरांनी लिहून दिलेली टेट्रासायक्लिन (जंतूंवरचं अँटिबायोटिक) फीडमधून, म्हणजे खाद्यातून चालू आहे पण फरक नाही, डोस वाढवू का? तर मनाने अजिबात वाढवू नका, आधी गोणीत काय आहे ते बघा.

लेयर फीडमध्ये कॅल्शियम साधारण साडेतीन-चार टक्के असतं, ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या फीडमध्ये एक टक्क्याच्या आसपास. फीडमध्ये घातलेला शिंपला, मार्बलचा चुरा, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) हे सगळं कॅल्शियमच, आणि टेट्रासायक्लिन गटाचं औषध आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं, मग ते रक्तात कमी उतरतं आणि बरंचसं विष्ठेतून बाहेर जातं. माणसांनाही टेट्रासायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणून सांगतात ना, तेच कारण. लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या भुशात गेलेलं हे औषध तिथल्या जंतूंना निगरगट्ट करतं, म्हणजे पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेलच असं नाही, आणि आम्हाला खरी काळजी याचीच वाटते.

शिंपला आपल्या मनाने बंद करू नका हं, कवच पातळ होऊन अंडी फुटायला लागतील. किती कमी करायचं, किती दिवस, की औषधच बदलायचं, हे डॉक्टरांना ठरवू दे. त्यांना फीडचा फॉर्म्युला दाखवा, मागितलात तर आम्ही लगेच पाठवतो. टॉक्सिन बाइंडर (फीडमधलं बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर) कुठला आहे तेही सांगा, बेंटोनाइट या मातीचा असेल तर टायलोसिन हे अँटिबायोटिकसुद्धा त्याला चिकटतं.

आजारी पक्षी खाणं आधी टाकतो पण पाणी पीत राहतो, म्हणून डॉक्टर बरेचदा पाण्यातून औषध देतात. पण बोअरचं पाणी जड असेल, पाणी प्यायच्या निपलवर पांढरा थर धरत असेल, तर तिथेही तोच घोळ, एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकलाही त्यातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम बाधतं. पाण्याची हार्डनेस (जडपणा) तपासून घ्या. टेट्रासायक्लिनबरोबर सायट्रिक अ‍ॅसिडचा उपयोग होतो, पण सरसकट टाकू नका, सल्फाची औषधं आंबट पाण्यात खाली बसतात.

आणि औषध रक्तात कमी उतरलं म्हणजे अंड्यात उतरलंच नाही असं धरू नका. औषध बंद केल्यावर थांबायचे लेबलवर लिहिलेले दिवस पाळायचेच, लिहिले नसतील तर नियमाप्रमाणे अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस थांबायचं, तेवढ्या दिवसांतला ट्रे मार्केटला पाठवायचा नाही, ऑर्डर अडली तरी नाही.