के कोप्लोविट्झ: केबलच्या वाटेने झालेली नेटवर्कप्रमुख

१९७३ साली एथेल विनंट सीबीएसच्या उपाध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही नेटवर्कमध्ये इतक्या वरच्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या बाई मानल्या जातात. कोणत्या मालिकेत कोण दिसणार, हे ठरवण्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण वरिष्ठांच्या भोजनकक्षाजवळ स्वच्छतागृह एकच होतं, आणि त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. विनंट आत जाताना आपले उंच टाचांचे सँडल दाराबाहेर काढून ठेवत. ते दिसले की येणारा पुरुष काय ते समजून थांबे.

यूएसए नेटवर्क ही केबल वाहिनी उभारणाऱ्या के कोप्लोविट्झ यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी हे दार डोळ्यांसमोर हवं. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिघांच्या हातात तेव्हा जवळजवळ सगळी अमेरिकी टीव्ही होती, आणि तिघांच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. कोप्लोविट्झ त्या रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांची नजर आकाशाकडे होती.

त्यांचा जन्म एप्रिल १९४५ मधला, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचा. त्याच वर्षी विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी एका लेखात मांडलं होतं की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसेल आणि तिथून अर्ध्या जगापर्यंत संदेश पाठवता येतील. विद्यार्थिदशेत कोप्लोविट्झ यांनी लंडनमध्ये क्लार्क यांचं व्याख्यान ऐकलं आणि त्या विषयाने त्यांना पकडलं ते कायमचं. १९६८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला तोही उपग्रह दळणवळणावरच. पुढे काही काळ त्या कॉमसॅट या उपग्रह कंपनीत होत्या, मग यूए-कोलंबिया या केबल कंपनीत आल्या.

केबल म्हणजे तेव्हा डोंगराआड किंवा दूरच्या गावात अँटेनाला चित्र नीट येत नाही म्हणून ओढलेली तार, एवढंच. तारेवरून स्वतःचं काही दाखवावं, हा विचार बहुतेकांच्या गावीही नव्हता. तो बदलला ३० सप्टेंबर १९७५ च्या रात्री. मनिलात महंमद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत चालू होती (तिथे १ ऑक्टोबरची सकाळ उजाडली होती) आणि एचबीओ या वर्गणीवर चालणाऱ्या केबल वाहिनीने ती उपग्रहावरून अमेरिकेतल्या केबल कंपन्यांना पोहोचवली. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला ती झेलायला दहा मीटर व्यासाची छत्री उभारली होती. कोप्लोविट्झ तिथे हजर होत्या. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. पण केबलच्या लोकांच्या दृष्टीने रात्रीचा निकाल त्याआधीच लागला होता: कार्यक्रम देशभर पोहोचवायला आता तिन्ही नेटवर्कच्या प्रक्षेपण मनोऱ्यांची गरज उरली नव्हती.

इथे थोडं थांबून आपल्याकडे पाहावंसं वाटतं. त्याच वर्षी १ ऑगस्टला भारतात ‘साइट’ प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, आणि चौकात मांडलेल्या सामाईक टीव्हीवर शेती-आरोग्याचे कार्यक्रम. कोलंबोत राहणाऱ्या क्लार्क यांच्या घरीही इस्रोने एक छत्री बसवून दिली होती. एकाच कल्पनेतून एकाच सुमाराला भारतात शाळा उघडली आणि अमेरिकेत बाजार.

२२ सप्टेंबर १९७७ रोजी कोप्लोविट्झ यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्पोर्ट्स नेटवर्क सुरू केलं. भाड्याने घेतलेल्या उपग्रह वाहिनीवर संध्याकाळी खेळ दाखवले जात, आणि रिकामा वेळ इतरांच्या कामी येई. अमेरिकी संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅनने मार्च १९७९ मध्ये दिवसाच्या याच रिकाम्या तासांत पाय रोवले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीचं बीईटीही जानेवारी १९८० मध्ये याच नेटवर्कवर आठवड्यातून दोन तासांपुरतं सुरू झालं. १९८० साली नेटवर्कचं नाव यूएसए नेटवर्क झालं. नेटवर्कच्या प्रमुखपदावर बसलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या बाई म्हणून कोप्लोविट्झ यांचं नाव घेतलं जातं. हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर बाई प्रमुख यायला १९९३ उजाडलं. त्या फॉक्सच्या लुसी साल्हानी.

माझ्या मते कोप्लोविट्झ यांचं सर्वांत मोठं काम पडद्यावर दिसतच नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. जुनी नेटवर्क केवळ जाहिरातींवर जगत, एचबीओ केवळ वर्गणीवर. यूएसएने दोन्हीकडून पैसा आणला: जाहिरातदार होतेच, शिवाय केबल कंपनी दर घरामागे महिन्याला काही सेंट देई. एका घराचे सेंट किरकोळ, पण लाखो घरांतून ते दरमहा न चुकता येतात, आणि जाहिराती आटल्या तरी थांबत नाहीत. याच बळावर बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या लीगांशी केबलसाठी हक्कांचे करार करता आले. पुढे केबल वाहिन्यांचा सगळा संसार याच दुहेरी कमाईवर उभा राहिला.

२४ सप्टेंबर १९९२ ला त्यांनी साय-फाय चॅनेल सुरू केलं. क्लार्क यांच्या व्याख्यानातून वाट सापडलेल्या बाईने विज्ञानकथांची वाहिनी काढावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तोवर यूएसए प्राइमटाइममधल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या केबल वाहिन्यांत गणलं जात होतं.

मालकी मात्र कधीच त्यांची नव्हती. सुरुवातीचे मालक गेले, टाइम, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सलची पालक कंपनी आली, पुढे टाइम बाहेर पडली. युनिव्हर्सल सीग्रॅम या मद्य कंपनीकडे गेलं आणि पॅरामाउंट व्हायकॉम या माध्यम कंपनीकडे, तेव्हा दोन अर्ध्या मालकांत कोर्टकज्जा झाला. १९९७ मध्ये सीग्रॅमने व्हायकॉमचा अर्धा वाटा १.७ अब्ज डॉलरना घेतला आणि लगेच नेटवर्क माध्यम-उद्योजक बॅरी डिलर यांच्या हाती दिलं. १९९८ मध्ये कोप्लोविट्झ बाहेर पडल्या. एकवीस वर्षं चालवलेल्या नेटवर्कचा सौदा इतरांच्या टेबलावर झाला होता.

त्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना महिला उद्योजकांच्या राष्ट्रीय परिषदेचं अध्यक्षपद दिलं. अमेरिकेतल्या साहस-भांडवलाचा (नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन गुंतवलेल्या पैशाचा) दोन टक्क्यांहूनही कमी हिस्सा तेव्हा बायकांच्या कंपन्यांना मिळत होता. २००० साली कोप्लोविट्झ यांनी स्प्रिंगबोर्ड ही संस्था उभी केली. तिथे उद्योजक बायकांना गुंतवणूकदारांसमोर आपला धंदा मांडायला शिकवतात, आणि मग त्या गुंतवणूकदारांनाच समोर आणून बसवतात.