कर्नल लपवायची वेळ का आली: पीटीआयच्या (पेज टेबल आयसोलेशन) मागची गोष्ट

'कर्नलची मेमरी वेगळी असते' (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हे वाक्य दोन अर्थांनी वापरतात, वाचायला बंदी आहे किंवा टेबलमध्ये हजरच नाही, आणि अर्धे वाद त्यातूनच होतात. 1985 च्या 386 प्रोसेसरपासून प्रत्येक पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) एंट्रीत युझर की सुपरवायझर सांगणारा एक बिट आहे, सुपरवायझरच्या पेजला साध्या प्रोग्रामने हात लावला की फॉल्ट. म्हणजे वाचायला बंदी होतीच, पण ती पेजेस प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे त्याची यादी) हजर असायची, आणि 64-बिट लिनक्समध्ये तर कर्नलच्या भागात मशीनची जवळपास अख्खी रॅम मॅप केलेली असते. हा आळशीपणा नव्हता. सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेलं काम) आला की टेबल बदलायला नको, टीएलबी (नुकत्या वापरलेल्या टेबल-नोंदींचा कॅश) उडवायला नको, थेट उडी मारायची आणि काम करायचं.

खरोखर वेगळं करायचा प्रयत्न आधी झाला होता, पण सिक्युरिटीसाठी नाही. 32-बिटवर 4 जीबीतले 3 प्रोग्रामला आणि 1 कर्नलला मिळायचे, भरपूर रॅमच्या सर्व्हरवर तो 1 जीबी नुसत्या हिशेबाच्या नोंदींनीच भरायला लागायचा. म्हणून 2003 मध्ये 4-4 नावाचा पॅच आला, दोघांना पूर्ण 4 जीबी आणि आत-बाहेर करताना दर वेळी टेबल बदला. मेनलाइनने (मुख्य लिनक्स कर्नलने) तो कधी घेतला नाही, एका एंटरप्राइझ डिस्ट्रोने मात्र विकला. मॅकच्या 32-बिट कर्नलची रचनाही अशीच होती, 64-बिट कर्नल आल्यावर ती सोडली. तेव्हा सगळ्यांचा निष्कर्ष एकच, फार महाग पडतं.

मग 2014 ला लिनक्स 3.14 मध्ये केएएसएलआर आलं, म्हणजे कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर. पण पेज टेबलमध्ये हजर असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता यांना लागणाऱ्या वेळेत बारीकसा फरक पडतो, तो मोजून पत्ता काढता येतो हे लवकरच दिसलं. त्यावर ऑस्ट्रियातल्या काही संशोधकांनी 2017 मध्ये उपाय मांडला, प्रोग्राम चालू असताना कर्नल टेबलमध्ये ठेवूच नका. नाव कायझर, जर्मनमध्ये सम्राट. खर्च सरासरी 0.28 टक्के असं त्यांच्या पेपरात आहे. या आकड्याकडे पुढे कोणी फारसं बघितलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटी हे पॅच अचानक पळायला लागले. इतका मोठा मेमरी मॅनेजमेंटचा बदल लिनक्स 4.15 च्या आरसी (रिलीजआधीच्या चाचणी) फेऱ्या निम्म्याहून जास्त उरकल्यावर आत जातो, आधीच्या स्टेबल आवृत्त्यांमध्ये बॅकपोर्टही होतो, हे बघूनच जाणकारांचे कान टवकारले. नावही बदलत होतं, आद्याक्षरं जुळवली तर शिवी होईल असंही एक सुचवलं गेलं (ज्याने सुचवलं त्याचा मूड समजू शकतो), शेवटी साधं पीटीआय उरलं.

खरा वाद एका फ्लॅगवरून झाला. कोडमध्ये बगचं नाव होतं 'सीपीयू इनसिक्युअर' आणि वर कॉमेंट, तूर्तास सगळे एक्स86 सीपीयू असुरक्षित धरा. म्हणजे दोष ज्या कंपनीच्या (एएमडी) चिप्समध्ये नाही तिच्या चिप्सनीही दंड भरायचा, आणि दंड थोडाथोडका नाही, पॅचच्याच वर्णनात साधारण 5 टक्के आणि सिस्टिम कॉलचा भडिमार करणाऱ्या नेटवर्क टेस्टला 30 टक्क्यांच्या आसपास असं लिहिलेलं. 26 डिसेंबर 2017 ला त्या कंपनीच्या इंजिनिअरने छोटासा पॅच पाठवला, आमचे प्रोसेसर वगळा, कारण आमचे कमी अधिकाराच्या मोडमधून जास्त अधिकाराचा डेटा स्पेक्युलेटिव्हली (परवानगी तपासून व्हायच्या आधीच, अंदाजाने) वाचत नाहीत. बास, 'स्पेक्युलेटिव्ह' हा शब्द वाचून बाहेरच्यांनी दोन आणि दोन जोडले. एम्बार्गो (माहिती गुप्त ठेवायची मुदत) 9 जानेवारीपर्यंत होता, मेल्टडाउन, म्हणजे साध्या प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचू देणारा हा प्रोसेसरमधला दोष, 3 जानेवारीलाच जाहीर करावं लागलं. त्या पॅचला दोष देणारे तेव्हाही होते, पण माझ्या मते त्यात चूक काही नव्हती. सरसकट 'असुरक्षित' शिक्का मारल्यावर कोण गप्प बसेल? वगळणारा पॅच मर्ज झाला आणि दोनच दिवसांत फ्लॅगचं नावही 'सीपीयू मेल्टडाउन' केलं गेलं, जे आधीपासून तसंच असायला हवं होतं, अर्थात एम्बार्गोत ते लिहिता आलं नसतं हेही खरंच.

आतली करामत मात्र सुंदर आहे. दोन्ही टॉप-लेव्हल टेबलं शेजारी-शेजारी, मिळून 8 केबी, त्यामुळे सीआर3 (चालू टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) मधला बिट 12 फिरवला की एकातून दुसऱ्यात. युझरच्या टेबलमध्ये कर्नलचा आत शिरण्यापुरता तुकडा उरतो, एंट्री कोड, इंटरप्ट टेबल वगैरे. पीसीआयडी (टीएलबीतली नोंद कोणत्या टेबलची ते सांगणारी खूण) असेल तर टीएलबी फ्लश टळतो म्हणून नव्या चिप्सना झळ कमी बसली, जुन्यांना जास्त.

बाकीच्यांनीही तेच केलं, विंडोजमध्ये त्याला केव्हीए शॅडो म्हणतात. विंडोज 7 च्या जानेवारी 2018 च्या पॅचमध्ये तर टेबलच्या स्वतःकडेच बोट दाखवणाऱ्या एंट्रीला युझर बिट लागून गेला, म्हणजे मेल्टडाउन बुजवताना पेज टेबलच कुठल्याही प्रोग्रामला लिहायला खुली, मार्चमध्ये ते निस्तरलं. 32-बिट लिनक्सला पीटीआय मिळायला 4.19 उजाडलं. पुढच्या प्रोसेसरमध्ये हार्डवेअरमध्येच दुरुस्ती आली, कर्नल ती ओळखून पीटीआय आपोआप बंद ठेवतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मेल्टडाउनची स्टेटस फाईल उघडली की अजून 'मिटिगेशन: पीटीआय' येतं, आणि बूटला 'पीटीआय=ऑफ' द्यायचा मोह दर वेळी होतो.