टेप प्लगइनच्या आत नक्की काय चालतं?

घरच्या सेटअपवर गाणी मिक्स करणाऱ्या कोणालाही विचारा, मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनेलवर, एक तरी टेप प्लगइन (जुन्या टेप मशीनच्या आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावलेलं असतंच. का लावलंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘वॉर्मथ येते, टेप इव्हन हार्मोनिक्स देते ना, म्हणून गोड वाटतं.’ व्हिडिओंमध्येही हेच सांगतात. यातली वॉर्मथ खरी की कल्पनेतली हा वाद बाजूला ठेवू, पण इव्हन हार्मोनिक्सवालं वाक्य सरळ चुकीचं आहे. हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा फ्रिक्वेन्सीचा जास्तीचा सूर, दुप्पट-चौपट ते इव्हन, तिप्पट-पाचपट ते ऑड. नीट अलाइन केलेली, म्हणजे जुळवून लावलेली, टेप मशीन मुख्यतः ऑड हार्मोनिक्स तयार करते, त्यातही तिसरी. ते तसं का, हे समजून घ्यायला थेट चुंबकाच्या कणापर्यंत जावं लागतं, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर आयर्न ऑक्साइडचा लेप. त्या लेपात सुईच्या आकाराचे, साधारण अर्धा मायक्रॉन लांबीचे कोट्यवधी कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक छोटा चुंबक आणि त्याला दोनच अवस्था माहीत आहेत, उत्तर ध्रुव इकडे किंवा तिकडे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं तरी एका ठराविक जोरापर्यंत तो ढिम्म हलत नाही, जोर त्याच्यापुढे गेला की एकदम उलटतो, आणि क्षेत्र काढून घेतलं तरी उलटलेलाच राहतो. या अडून बसण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. कण अडून बसतात म्हणूनच टेपवर आवाज टिकतो, पण त्याच गुणामुळे मोठी अडचण होते. हळू आवाजाचा सिग्नल आला तर त्याच्यात कण उलटवण्याइतका जोरच नसतो, म्हणजे प्रत्येक लहर शून्याजवळून जाताना टेप ती जवळजवळ ऐकतच नाही, आणि जे रेकॉर्ड होतं ते खरखरीत, तुटक.

सुरुवातीच्या मशीन्सचा आवाज असाच होता. डेन्मार्कच्या वाल्डेमार पॉल्सेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज रेकॉर्ड करून दाखवला, जर्मनीत एईजी कंपनीने १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन आणला, पण संगीतासाठी तो पुरेसा चांगला नव्हता. १९४० मध्ये जर्मन रेडिओत वॉल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल यांच्याकडे तोडगा सापडला, तोही बराचसा योगायोगाने, एक अ‍ॅम्प्लिफायर आपोआप ऑसिलेट व्हायला (स्वतःच वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल काढायला) लागला आणि रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ यायला लागलं. (अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत हीच युक्ती १९२० च्या दशकात पेटंट झाली होती, पण ती तशीच पडून राहिली.) युक्ती अशी की गाण्याच्या सिग्नलमध्ये माणसाला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा, पुढच्या मशीन्समध्ये लाखभर हर्ट्झ किंवा त्याहून जास्त, असा एक जोरदार सिग्नल मिसळायचा. त्याला एसी बायस म्हणतात.

ऐकूच न येणारा आवाज मिसळून गाणं स्वच्छ कसं होतं? डब्यात तांदूळ भरताना आपण डबा हलवतो, हलवण्याने तांदूळ वाढत नाही, पण अडकलेले दाणे सुटतात आणि जिथे बसायला हवेत तिथे बसतात. बायस तेच करतो. रेकॉर्ड हेडच्या (टेपवर आवाज उतरवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) फटीसमोरून टेप जाताना बायस प्रत्येक कणाला इकडून तिकडे बरेच वेळा उलटवतो, म्हणजे अडून बसण्याचा प्रश्नच उरत नाही. मग टेप फटीपासून लांब जायला लागते, बायसचा जोर कमी कमी होत जातो आणि एकेक कण शेवटच्या ज्या दिशेला असेल तिथे गोठतो. त्या क्षणी गाण्याचा सिग्नल थोडासा जरी एका बाजूला असेल तरी त्या बाजूला गोठणारे कण तेवढ्याच प्रमाणात जास्त निघतात. दुप्पट सिग्नल, दुप्पट फरक. शून्याजवळचा सगळा खडबडीतपणा जातो, बायसच्या लहरी इतक्या आखूड असतात की त्या टेपवर उरत नाहीत, आणि उरतं ते गाणं.

पण कण काही अनंत नसतात. सिग्नल वाढवत गेलो की एका दिशेला वळवण्यासारखे कण संपत येतात आणि लहरीची टोकं हळूहळू दबायला लागतात. हेच सॅच्युरेशन. आता मूळ मुद्दा. कणाला उत्तर-दक्षिण सारखीच, म्हणून लहरीचं वरचं टोक जेवढं दबतं तेवढंच खालचं दबतं. दोन्हीकडे सारखं दबणं गणितात मांडायचं तर x च्या फक्त विषम घातांकांची पदं येतात, x, x³, x⁵. अकरावीच्या त्रिकोणमितीतलं सूत्र आठवा, sin 3θ = 3 sin θ − 4 sin³θ, म्हणजे साइन लहरीचा घन केला की त्यातून तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर बाहेर पडते. दुप्पट नाही, तिप्पट. स्टुडिओत टेपची कमाल मर्यादासुद्धा ही तिसरी हार्मोनिक ३ टक्क्यांवर पोचते त्या लेव्हलवरून ठरवायचे. टेपवर दुसरी हार्मोनिक ठळक दिसायला लागली तर टेक्निशियन हेडला राहिलेलं चुंबकत्व काढायला घ्यायचा किंवा बायसची लहर तिरकी झालीय का बघायचा, कारण ते बिघाडाचं लक्षण. स्टुडर जे३७ सारख्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) मशीनमध्ये थोडी इव्हन हार्मोनिक येते, पण ती व्हॉल्व्हच्या सर्किटमधून येते, टेपमधून नाही.

तिसरी हार्मोनिक गाण्याच्या भाषेत कुठे बसते? षड्ज धरला तर त्याच्या वरच्या सप्तकातला पंचम. एकट्या बासरीवर किंवा एकट्या बेसवर म्हणूनच ती छान लागते. पण दोन सूर एकत्र दबले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही तयार होतात. सा २४० हर्ट्झ आणि रे २७० घ्या, तर २×२४०−२७० म्हणजे २१० आणि २×२७०−२४० म्हणजे ३०० असे दोन नवे सूर निघतात. ३०० बरोबर शुद्ध गंधारावर पडतो, पण २१० कोमल निषादाच्याही खाली, कुठल्याच सुरात नाही. भरगच्च मिक्सवर टेप प्लगइन जोरात चालवलं की चिखल होतो तो याच्यामुळे. ट्रॅकवर हवं तेवढं ढकला, मास्टरवर हात आखडता ठेवा.

आता प्लगइनवरचं स्पीडचं बटण, म्हणजे टेप किती वेगाने धावते ते. सेकंदाला १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर, तर ५० हर्ट्झची एक लहर टेपवर ७.६ मिलिमीटर लांब पडते. ही लांबी हेडच्या स्वतःच्या आकाराजवळ येते, हेडच्या कडासुद्धा सिग्नल पकडायला लागतात आणि बेसमध्ये एक उंचवटा तयार होतो, हेड बम्प. स्पीड ३० इंच केला की तीच लांबी १०० हर्ट्झवर येते, म्हणजे उंचवटा सप्तकभर वर सरकतो. डग्ग्याचा घुमारा किंवा किक भरीव हवी असेल तर १५ वर आधी ऐकून बघा. वरच्या टोकाला उलटा हिशोब, १५ किलोहर्ट्झची लहर १५ इंचांवर फक्त २५ मायक्रॉनची. टेप आणि हेड यांच्यात अडीच मायक्रॉनचं जरी अंतर पडलं, एक बारीक धूळकण पुरतो, तर तिथे साडेपाच डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक) गेले!

बायसचं बटणही आता कळेल. टेक्निशियन १० किलोहर्ट्झचा टोन रेकॉर्ड करत बायस वाढवायचा, आउटपुट सगळ्यात वर जाऊन परत दोन-तीन डीबी उतरलं की तिथे थांबायचा, टेप आणि हेडप्रमाणे आकडा बदलतो. कमी बायस म्हणजे चमक आणि खरखर, जास्त बायस म्हणजे तिखट टोकं मऊ.

हे सगळं कॉम्प्युटरमध्ये कसं आणतात? साधी प्लगइन्स एक दबलेली वक्ररेषा घेतात, सिग्नल तिच्यातून काढतात, संपलं. खोलात जाणारी प्लगइन्स हिस्टेरेसिसचं समीकरणच सोडवतात. जाइल्स आणि अ‍ॅथर्टन या दोघांनी १९८० च्या दशकात चुंबकीय पदार्थांसाठी मांडलेलं एक मॉडेल आहे, त्यात पुढचं चुंबकत्व आत्ताच्या क्षेत्रावर तर अवलंबून असतंच, शिवाय क्षेत्र वाढतंय की कमी होतंय आणि आधी काय झालं यावरही असतं, आणि ते डिफरन्शियल समीकरण सेकंदाला हजारो वेळा, दर सॅम्पलला (डिजिटल आवाजाच्या प्रत्येक मोजमापाला) सोडवायचं. जतीन चौधरी यांचं चाउ टेप मॉडेल असंच आहे, सोनीच्या टीसी-२६० या जुन्या रील मशीनवर आधारलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. ज्याला आत काय चाललंय ते बघायचंय त्याने कोड उघडून वाचावा, महागड्या प्लगइनच्या पानावरची विशेषणं वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं.

विशेषणांवरून आठवलं. टेपच्या चर्चेत हमखास कोणीतरी ४३२ हर्ट्झ घेऊन येतं, गाणं त्या ट्यूनिंगला केलं की शरीर बरं होतं वगैरे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं एकक आहे, त्यातल्या एका आकड्यात औषध भरून ठेवलंय असं मानायला काही म्हणजे काही आधार नाही. जाहिरातीतल्या ‘जादूई ग्लू’चंही (सगळे ट्रॅक एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात म्हणे) तेच, मोजता येतं ते हेड बम्प, तिसरी हार्मोनिक, दबलेली टोकं आणि स्पीडमधली बारीक थरथर. शिवाय बरीचशी प्लगइन्स चालू केली की आवाज थोडा मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, त्यामुळे आउटपुट खाली आणून लेव्हल सारखी केल्याशिवाय तुलना करूच नका.

तपासायचं असेल तर अ‍ॅनालायझर (कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं साधन) लावा आणि प्लगइनमध्ये १ किलोहर्ट्झची साइन सोडा, टेपवालं असेल तर ३ किलोहर्ट्झवर ठळक रेघ दिसेल, २ वर नगण्य. मग ९ किलोहर्ट्झ सोडा, इथे डिजिटलची खरी परीक्षा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला २२.०५ च्या वरचं काही साठवता येत नाही, ते दुमडून खाली येतं. ९ ची पाचवी हार्मोनिक ४५, ती ४४.१ वरून दुमडून पडते ९०० हर्ट्झवर, म्हणजे ऐन गाण्याच्या गळ्यात, आणि खऱ्या टेपवर असलं काही कधीच होत नाही. तिथे रेघ दिसली तर ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनच्या आतला सॅम्पल रेट वाढवणं) ४ पट किंवा ८ पट करा, बहुतेक वेळा जाते, आणि तरीही गेली नाही तर ते प्लगइन झांजा, टाळ आणि हाय-हॅटच्या ट्रॅकवर लावू नका.