फोटोला कुलूप लागलं कसं

2007 च्या आसपास नागपूरच्या सीताबर्डीवरच्या सायबर कॅफेत प्लायवूडची केबिन तासाच्या हिशोबाने मिळायची. माझ्या मावसबहिणीने तिथेच बसून ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर खातं उघडलं, कॉलेजच्या गॅदरिंगचे चार फोटो टाकले. महिन्याभरात तेच फोटो लावून कोणीतरी तिच्या नावाचं दुसरं खातं काढलं आणि वर तिचा मोबाईल नंबर टाकला. रात्री-बेरात्री फोन वाजायचे. मावशीने आधी सिमकार्ड तोडून फेकलं, मग तिचं कॅफेत जाणंच बंद केलं. चूक तिची नव्हती, शिक्षा मात्र तिलाच झाली. त्याचा राग मला आजही येतो.

गूगलने ऑर्कुट सुरू केलं जानेवारी 2004 मध्ये. त्याची सगळी मजा उघडेपणातच होती. मित्रांनी लिहिलेल्या निरोपांची वही, म्हणजे स्क्रॅपबुक, कोणीही वाचावं, अल्बम कोणीही चाळावा. कुलपं आली ती नंतर, तक्रारी वाढल्यावर. कायद्याचंही तसंच. 2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा मुख्यतः ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सही डोळ्यांसमोर ठेवून केलेला. दुसऱ्याची ओळख चोरणं, तोतयेगिरी करून फसवणं यांसाठी स्वतंत्र कलमं आली 2008 च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली 27 ऑक्टोबर 2009 ला. तोवर बहिणीचं कॉलेज संपलं होतं.

त्याच दुरुस्तीत ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं कलम 66-ए होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. शेवटी 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. संरक्षणाच्या नावाखाली पोरींनाच धरायचं, ही खोड कायद्यातही शिरली होती.

2011 च्या नियमांनी सायबर कॅफेत ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची केली. केबिनची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असंही त्यात होतं. पण 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात गेलं आणि तिथे नोंदवही ठेवणार कोण?

फेसबुकचा प्रवास आणखी बोलका आहे. डिसेंबर 2009 मध्ये त्यांनी बऱ्याच गोष्टी मुळातच 'सर्वांसाठी' खुल्या ठेवल्या. नव्या खात्याची पोस्ट आपोआप फक्त मित्रांपुरती राहायला मे 2014 उजाडलं. 2017 मध्ये प्रोफाइल फोटोला संरक्षण देणारी सोय आली, तीही आधी भारतात, कारण इथल्या बायका स्वतःचा चेहरा लावायलाच घाबरत होत्या. पूर्ण प्रोफाइल लॉक करता येऊ लागलं 2020 मध्ये. व्हॉट्सॲपने भारतात मेसेज फॉरवर्ड करणं एका वेळी 5 चॅटपुरतं बांधलं ते जुलै 2018 मध्ये. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून जमावाने 5 जणांना ठार मारलं होतं.

मागच्या महिन्यात मावशीच्या नावाने खोटं खातं निघालं आणि नातेवाइकांना पैशांचे मेसेज जाऊ लागले. बहीण आता मानेवाड्याला राहते. तासाभरात आली, सगळ्यांना कळवलं, खात्याची तक्रार केली. एका भाच्याने पाच हजार पाठवले होते, त्याला लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावला. मग मावशीचा फोन घेऊन फेसबुकची सेटिंग उघडली, तर मित्रयादी सगळ्या जगाला दिसत होती.

ती बंद होताना मावशी चष्मा सावरून बघत होती. म्हणाली, "हे पहिलेपासूनच बंद काहून नव्हतं?"