गुन्ह्याचा तक्ता आणि अपिलाची वाट

मारामारीत ओठ फुटलेला माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत घेऊन परततो. ‘माझी केस घेतलीच नाही,’ असं तो घरी सांगतो. ठाण्यात टाळाटाळ होते, हे खरंच आहे. पण साधी दुखापत मुळात अदखलपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. हे ठरवतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे आजच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, शेवटी जोडलेला तक्ता, म्हणजे पहिली अनुसूची.

या तक्त्याचे रकाने सहा: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या कोर्टात चालणार. चोरीची ओळ पाहा. तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र, कोणताही न्यायदंडाधिकारी. पण ऐवज ५,००० रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल परत केलेला असेल, तर तीच चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र होते आणि शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. खुनाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ‘सत्र न्यायालय’ असतं. अपील कुठे जाणार हेही याच शेवटच्या रकान्यावरून ठरतं. न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेवर साधारणपणे सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात.

ही मांडणी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासूनची. त्याआधी मुंबई इलाख्यात दोन राज्यं असल्यासारखी स्थिती होती. बेटावरच्या शहरात इंग्लंडच्या राजाचं सुप्रीम कोर्ट आणि इंग्लिश कायदा, तर बाहेरच्या जिल्ह्यांत गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातले १८२७ चे रेग्युलेशन्स (नियम) आणि वर सदर फौजदारी अदालत. १८६२ मध्ये दंड संहिता लागू झाली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं आणि कागदावर हे दुभंगलेपण मिटलं.

अपिलाच्या बाबतीत मात्र ते मिटलं नाही. मुंबई शहरात वेगळं सत्र न्यायालय नव्हतं. गंभीर खटले थेट हायकोर्टाच्या फौजदारी सेशनमध्ये ज्यूरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष हे सांगणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, चालत. आणि तिथे झालेल्या शिक्षेवर हक्काचं अपील नव्हतं. ठाण्यात किंवा पुण्यात शिक्षा झालेल्याला वर दाद मागायला हायकोर्ट होतं (ज्यूरीचा खटला असेल तर फक्त कायद्याच्या मुद्द्यावर, असेसरांपुढचा, म्हणजे न्यायाधीशाला फक्त मत देणाऱ्या नागरिकांपुढचा, असेल तर पुराव्यावरही), पण मुंबईत शिक्षा झालेल्याला तेवढंही नव्हतं.

याची झळ मराठी माणसाला नावानिशी माहीत आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हायकोर्टात चालला. नऊ ज्यूरर, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा १८ महिने. अपील नसल्याने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, परवानगी मागावी लागली. तिथे टिळकांची बाजू मांडली ॲस्क्विथ यांनी, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी मिळाली नाही. १९०८ मध्ये पुन्हा तेच: सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. वरची दारं याही वेळी बंदच राहिली. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक ज्या वरिष्ठ शक्तींबद्दल बोलले, ते शब्द आज त्याच इमारतीत संगमरवरावर कोरलेले आहेत. ते वाचताना मला दर वेळी आठवतं, की माणसांच्या जगातलं वरचं कोर्ट त्यांना कायद्याने दिलेलंच नव्हतं.

हायकोर्टात चाललेल्या खटल्यावर त्याच हायकोर्टात अपील करायची तरतूद आली ती १९४३ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४११-अ घालून. मुंबईला स्वतःचं सत्र न्यायालय १९४८ मध्ये मिळालं. तिथेच १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘निर्दोष’ म्हटलं, न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि जन्मठेप झाली. १९७३ च्या संहितेत तर ज्यूरी उरलीच नाही.

१ एप्रिल १९७४ ला लागू झालेल्या त्या संहितेने आणखी एक ओझं उतरवलं. पूर्वी सत्र न्यायालयाच्या खटल्यात आधी खालच्या कोर्टात चौकशी होई आणि साक्षीदाराला तीच हकिगत दोनदा सांगावी लागे. आता न्यायदंडाधिकारी कागदपत्रं पाहून प्रकरण वर पाठवतो. कोर्टाच्या व्हरांड्यात आजही ‘केस कमिट झाली’ म्हणतात, ते या जुन्या पद्धतीचं उरलेलं नाव.

आरोपीच्या अपिलाचा हक्क १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत रुंदावला: खालच्या कोर्टाने सोडलेल्याला हायकोर्टाने जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं दिली, तर त्याला थेट तिथे जाता येतं. राज्यघटनेत आधी हा हक्क मुख्यतः फाशीपुरता होता. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला १८७२ पासूनच अपील करता येत होतं. ज्याला मार लागला, ज्याचं माणूस गेलं, तो मात्र २००९ पर्यंत फक्त साक्षीदार होता. त्या वर्षाच्या अखेरीस लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क दिला. २०१८ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की सरकारला हायकोर्टात सुटकेविरुद्ध जाताना आधी परवानगी घ्यावी लागते, पीडिताला ती लागत नाही.