नक्षीदार ‘जुन्या’ अक्षराची कुळकथा

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नपत्रिकांवर आणि हॉटेलांच्या पाट्यांवर हल्ली एक वळण वारंवार दिसतं: उभ्या रेघा जाडजूड, आडव्या केसासारख्या बारीक, इंग्रजी अक्षरं असतील तर टोकांना छोटे पाय. डिझायनर त्याला ‘व्हिंटेज सेरिफ’ म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, जरा घरंदाज वाटेल असं काहीतरी द्या.

पण हे अक्षर वाढलं ते भर बाजारात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दिदो आणि इटलीत बोदोनी या मुद्रकांनी जाड-बारीक रेघांतला फरक टोकाला नेला, तो पुस्तकांसाठी. पुढे लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरू लागल्या, लांबून नजर खेचणारं अक्षर हवं झालं आणि रॉबर्ट थॉर्नसारख्या छपाईचे खिळे (टाइप) ओतणाऱ्यांनी उभी रेघ आणखी फुगवली. मोठ्या आकारात शिशाचे खिळे फार जड होत. म्हणून १८२७-२८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्रावर लाकडी टाइप कोरायला घेतले. लाकडात नक्षी स्वस्तात निघे. वेलबुट्टी आणि अक्षरांच्या सावल्या वाढल्या त्या तिथून.

देवनागरीचं घराणं वेगळं. आपली जाडी-बारकाई तिरप्या कापलेल्या बोरूतून येते आणि तिचा कल रोमनच्या, म्हणजे इंग्रजी लिपीच्या, उलट असतो. ‘वाटोळें सरळें मोकळें’ ही समर्थांनी दासबोधात सांगितलेली सुंदर अक्षराची लक्षणं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांची बाडं जपलेली आहेत; पत्रिकेसाठी जुनं वळण शोधणाऱ्याने आधी ती पाहावीत असं मला मनापासून वाटतं. बोरूचं हे वळण मुंबईत शिशात उतरलं. जावजी दादाजींनी १८६४मध्ये टाइप फाउंड्री काढली, १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे तिथले ठसे देशभर गेले.

खानदेशही छपाईत मागे नव्हता. जळगावहून १८८७पासून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक काढत. १९०७चं कविसंमेलनही जळगावातच भरलं. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंनी तर छापखान्यावरच कविता रचली.

मग आजच्या पत्रिकेवर काय घ्यावं? ‘रोझा वन’सारखा फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींत मिळतो, फुकट मिळतो आणि त्यातला जाड-बारीक ठसका वधू-वरांच्या नावांना शोभतो. तो नावांपुरताच ठेवावा. लहान आकारात त्याच्या बारीक रेघा विरतात, खरबरीत कागदावर तर शिरोरेषाच तुटते. मुहूर्त, कार्यस्थळ आणि प्रेषकांची लांबलचक यादी साध्या, समान जाडीच्या अक्षरात बसवावी. रोमन सेरिफचे पाय देवनागरीच्या कान्याला चिकटवण्याचा मोह मात्र टाळावाच; त्याने ‘स’सारखी अक्षरं अडखळल्यासारखी दिसतात, आणि पत्रिका वाचणाऱ्या आजोबांना चष्मा पुसूनही काही उमगत नाही.